सुरिनामची सहल आखताना आधी नदीचे दिवस ठरवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण उभयता आणि आपल्या 68 वर्षांच्या आई पुण्याहून दोन आठवड्यांसाठी दक्षिण अमेरिकेत जाऊ इच्छिता; पेरू किंवा ब्राझील न निवडता आपण सुरिनाम निवडले आहे; आपले बंधू नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन येथे राहतात, त्यामुळे जाता-येता त्यांच्याकडे थांबायचे आहे; आई पूर्ण शाकाहारी आहेत; आणि जमल्यास शेजारचे गयाना व फ्रेंच गयाना हेही याच प्रवासात पाहावे असा विचार आहे. या देशाच्या सहली मी बरीच वर्षे आखत आलो आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

देशाची निवड उत्तम आहे, परंतु आपण पाठवलेला आराखडा शहरापासून सुरू होतो आणि जंगलाला शेवटचे दोन दिवस देतो. माझ्या मते तो उलटा करायला हवा. सुरिनामचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 63 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक आहे आणि लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास आहे. देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला असून बहुतेक वस्ती अटलांटिकच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात आहे. पूर्वेच्या आल्बिनापासून पश्चिमेच्या निकेरीपर्यंत किनाऱ्याला समांतर रस्ता जातो. दक्षिणेकडे जाणारा डांबरी रस्ता मात्र अत्योनीच्या धक्क्यापाशी संपतो आणि त्यापुढे सुरिनाम नदीतून होडी किंवा लहान विमान एवढेच पर्याय उरतात. होड्या ठरावीक दिवशीच सुटतात, मुक्कामाच्या जागा थोड्या आहेत आणि पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते. राजधानी पारामारिबोतील मुक्काम एक दिवस पुढे-मागे झाला तरी काही बिघडत नाही, नदीवरचा बिघडतो. म्हणून अंतर्भागातले चार दिवस आधी पक्के करावेत आणि बाकीचे त्यांच्याभोवती बसवावेत.

तथापि त्याच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे यलो फीव्हरची, अर्थात पीतज्वराची लस. सुरिनाम हा पीतज्वराचा धोका असलेला देश मानला जातो. तेथून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल आणि तो देश सोडून सहा दिवस पूर्ण झाले नसतील, तर भारतातील विमानतळावर त्याला विलगीकरणात पाठवले जाते. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. अशी केंद्रे मुंबईत आणि पुण्यात आहेत, पण तेथे आधी वेळ घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि 2016 पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालते. त्यावरील पासपोर्ट क्रमांक आणि नाव केंद्रावरच नीट तपासून घ्यावे आणि मूळ पुस्तिका हातातल्या सामानात ठेवावी.

आपणा दोघांना यात विशेष अडचण येऊ नये. आईंच्या बाबतीत मात्र हा सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे आणि साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक आढळते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, थायमस ग्रंथीचा विकार असेल किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, तर ती सहसा देत नाहीत. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांशी आणि लसीकरण केंद्रातील डॉक्टरांशी बोलावे. लस देता येणार नाही असे ठरले, तर परतताना नेदरलँड्समध्ये आठवडाभर थांबा, म्हणजे विलगीकरण टळेल, असा सल्ला देणारे भेटतील. त्याने कागदाचा प्रश्न सुटतो, आजाराचा धोका सुटत नाही. आणि पीतज्वरावर नेमके औषध नाही. अशा वेळी आईंनी ते दिवस आपल्या बंधूंकडे राहावे आणि सुरिनामला आपण दोघांनीच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सर्व आईंना लस घेता आली असे गृहीत धरून लिहितो.

आता ऋतू. तेथे वर्षाचे चार भाग पडतात. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत छोटा पावसाळा, मग एप्रिलच्या मध्या-अखेरीपर्यंत छोटा कोरडा काळ, त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठा पावसाळा आणि पुढे नोव्हेंबर अखेरीपर्यंत मोठा कोरडा काळ. बहुतेक पर्यटन पुस्तके सप्टेंबर ते नोव्हेंबर सुचवतात, कारण जंगलातल्या पायवाटा तेव्हा कोरड्या असतात. परंतु त्या काळाच्या शेवटी नदीचे पाणी उतरते, खडक वर येतात आणि प्रवाहाच्या उथळ जागी प्रवाशांना होडीतून उतरून खडकांवरून चालत पुढे जावे लागते. वयस्कर व्यक्ती बरोबर असताना ते नको. शिवाय जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर या महिन्यांत नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेले सुरिनामी लोक मोठ्या संख्येने मायदेशी येतात आणि तिकिटांचे दर बरेच चढतात. या सगळ्याचा विचार करता आपल्यासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च अखेर हा काळ मला सर्वात योग्य वाटतो: नुकत्याच सरलेल्या पावसामुळे नदीत पाणी असते, ऊन फार करपवणारे नसते, समुद्रकासवांचे किनाऱ्यावर येणे सुरू झालेले असते आणि बहुधा याच दिवसांत होळी येते. तेथे होळीला फगवा म्हणतात आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

मार्ग आपल्यासाठी जवळपास ठरलेलाच आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून पारामारिबोला के.एल.एम. आणि सुरिनाम एअरवेज यांची थेट विमाने जातात आणि प्रवास साधारण नऊ तासांचा आहे. अमेरिकेतून जाणारे स्वस्त तिकीट दिसले, तरी तेथे केवळ विमान बदलण्यासाठीही भारतीयांना व्हिसा लागतो, हे ध्यानात ठेवावे. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे नेदरलँड्ससह युरोपातील बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या बाबतीत हमखास विसरली जाणारी गोष्ट अशी की, आपण बंधूंकडे जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळी उतरणार असाल, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही, कारण सुरिनामला जाताना आपण शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडता. अर्जात दोन किंवा अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि सुरिनामच्या तिकिटांची प्रत जोडावी. सुरिनामचे स्वतःचे प्रवेशनियम गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलले आहेत. त्यामुळे कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये आणि नवी दिल्लीतील सुरिनामच्या दूतावासाकडून लेखी उत्तर मागवून ते जवळ बाळगावे.

विमान झांदेरै येथे उतरते आणि तेथून शहर सुमारे 45 किलोमीटरवर आहे. पहिले दोन-तीन दिवस पारामारिबोत शांतपणे काढावेत, कारण साडेआठ तासांचा वेळेचा फरक अंगात मुरायला तेवढे लागतातच. डच वसाहतीच्या काळातल्या लाकडी इमारतींचा हा जुना भाग 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. विटांच्या पायावर उभ्या केलेल्या पांढऱ्या फळ्यांच्या भिंती आणि हिरव्या झडपांच्या खिडक्या पाहत वॉटरकांट या नदीकाठच्या रस्त्याने फोर्ट झेलँडियापर्यंत सकाळी चालत जाता येते. अकरानंतर ऊन सोसत नाही. लाकडाचे भव्य कॅथेड्रल आणि कैझरस्ट्राटवर शेजारी शेजारी उभी असलेली मशीद व ज्यू प्रार्थनास्थळ ही दोन ठिकाणे आत जाऊन पाहावीत. मुक्कामात एक रविवार येईल असे बघावे. त्या दिवशी सकाळी स्वातंत्र्य चौकात गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात. दांड्यांवर टांगलेल्या लहान पिंजऱ्यांतून छोटे पक्षी शीळ घालत असतात, परीक्षक प्रत्येक शीळ मोजून फळ्यावर खडूने खुणा करत जातो आणि भोवतीची माणसे अगदी हळू आवाजात बोलत उभी असतात. आईंनाही हे बसून पाहता येईल. अंधार पडल्यानंतर मात्र मध्य शहरात पायी फिरू नये, विशेषतः ताडबागेच्या परिसरात. निवासस्थानाकडून टॅक्सी बोलावून घ्यावी.

येथे आपल्या देशाशी असलेले नाते समोर येते. 1863 मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर मळ्यांना मजूर हवे होते आणि 5 जून 1873 रोजी लाला रूख हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन येथे पोहोचले. 1916 पर्यंत सुमारे 34 हजार भारतीय आले. ते मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते, त्यामुळे त्यांच्या वंशजांची सरनामी ही बोली भोजपुरी-अवधीच्या वळणाची आहे. हिंदी येणाऱ्या मराठी माणसाला ती सावकाश बोलल्यास बरीच समजते आणि ज्येष्ठ मंडळी आईंशी आपणहून बोलायला येतात. गाठोडे घेतलेल्या बाबा आणि माई यांचे स्मारक पारामारिबोत आहे. तेथे थोडा वेळ अवश्य थांबावे. परंतु त्या इतिहासाची खरी जागा नदीच्या पलीकडे कॉमेवाइन जिल्ह्यात आहे. 1882 साली सुरू झालेल्या मारियनबुर्ग साखर कारखान्याची गंजलेली यंत्रे आज झाडोऱ्यात उभी आहेत. जुलै 1902 मध्ये मजुरीवरून असंतोष पेटला, संचालक जेम्स मेव्हर मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सैनिकांनी केलेल्या गोळीबारात किमान 17 मजूर ठार झाले. त्यांना एकाच खड्ड्यात पुरून वर चुना टाकण्यात आला. या सगळ्या मागच्या कथा सांगणारा स्थानिक वाटाड्या घ्यावा, नाहीतर ती जागा केवळ भंगाराचा ढीग वाटते आणि ते त्या माणसांवर अन्याय करणारे ठरते.

कॉमेवाइनसाठी दोन रात्री ठेवाव्यात. फ्रेडरिक्सडॉर्प या जुन्या मळ्यावर राहण्याची सोय आहे, भूभाग सपाट आहे आणि रस्त्यांवर सायकली चालवता येतात. आईंसाठी पेपरपॉट येथील जुन्या कोको-कॉफीच्या मळ्यातील सावलीची वाट उत्तम. सुरिनाम आणि कॉमेवाइन नद्यांच्या संगमापाशी संध्याकाळच्या होडीतून डॉल्फिन पुष्कळदा दिसतात.

आता मुख्य भाग, म्हणजे सुरिनाम नदीचा वरचा प्रवाह. पारामारिबोहून अत्योनी मोटारीने तीन-साडेतीन तासांवर आहे. धक्क्यावर तेलाचे पिंप, कोंबड्यांच्या जाळ्या, शाळेची मुले, गादीच्या गुंडाळ्या असे सगळे एकाच वेळी होड्यांत चढत असते. या होड्यांना कोर्याल म्हणतात. झाडाचे खोड कोरून त्याला फळ्यांनी उंची दिलेली ही लांब, अरुंद होडी पाण्याला अगदी लागून चालते. मागे इंजिन सांभाळणारा आणि पुढे लांब काठी घेऊन उभा राहिलेला असे दोघे तिला चालवतात. खळाळ आला की पुढचा माणूस काठीने खडक चाचपतो आणि हाताच्या एका इशाऱ्यावर मागचा वळण घेतो. हे कौशल्य पाहण्यासारखे आहे. बसायला फळी असते आणि बहुधा पाठीला टेका नसतो. म्हणून आईंसाठी टेकायची सोय असलेले आसन आधीच सांगून ठेवावे, अत्योनीपासून एक-दीड तासाहून लांब असलेली जागा निवडू नये आणि लाइफ जॅकेट सर्वांनी घालावे. सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधावे, कारण पाणी अंगावर येतेच.

या काठावर सारामाका लोकांची गावे आहेत. मळ्यांतून पळून जंगलात आलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. त्यांच्या पूर्वजांनी डच सैन्याशी अनेक दशके झुंज दिली आणि 1762 साली तहाने आपले स्वातंत्र्य मान्य करून घेतले, म्हणजे देशातील गुलामगिरी संपण्याच्या शंभर वर्षे आधी. हे लक्षात ठेवून गावात पाऊल टाकावे. प्रवेशाच्या वाटेवर ताडाच्या चिरलेल्या झावळ्यांचे तोरण आडवे लावलेले असते. अनिष्टाला बाहेर ठेवण्यासाठी ते असते आणि त्याखालून जायचे असते. वाटाड्याशिवाय गावात शिरू नये, पूजास्थानांची छायाचित्रे काढू नयेत आणि माणसांची विचारल्याखेरीज मुळीच काढू नयेत. येथे तीन रात्री राहावे. दोन रात्रींत जाण्या-येण्याचाच शीण होतो. तिसऱ्या दिवशी माणूस नदीच्या गतीने जगू लागतो. मुक्कामाची जागा निवडताना ती गावकऱ्यांच्या मालकीची आहे किंवा निदान गावातील माणसांना काम देते, याची चौकशी करावी. माझ्या दृष्टीने हा निकष पंखा आणि गरम पाणी यांच्याही वरचा आहे.

परतीच्या वाटेवर ब्रोकोपोंदो जलाशय लागतो. 1960 च्या दशकात अ‍ॅल्युमिनियम उद्योगाला वीज पुरवण्यासाठी आफोबाका धरण बांधले गेले, त्यात सारामाकांची अनेक गावे बुडाली आणि हजारो माणसे हलवली गेली. पाण्यातून आजही वाळलेल्या झाडांचे बुंधे वर डोकावतात. सुमारे 500 मीटर उंचीच्या ब्राउन्सबर्गवरून तो संपूर्ण दिसतो. वर जाणारा तांबड्या मातीचा रस्ता पावसानंतर फार निसरडा होतो आणि फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनाशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या यादीतील रालेव्हालन आणि फोल्ट्सबर्ग मी या वेळी वगळेन. मध्य सुरिनाम अभयारण्याचा हा भाग अप्रतिम आहे, सोळा लाख हेक्टरांचे ते जंगल 2000 पासून जागतिक वारसा आहे. पण फोल्ट्सबर्गच्या उघड्या कातळावर चढायचे तर दमट जंगलातून बरेच तास चालावे लागते. कासवांच्या गालिबी किनाऱ्याचा विचार मात्र करावा. आल्बिनाहून मारोवाइन नदीतून होडीने कालिन्या आदिवासींच्या गावांकडे जाता येते आणि रात्री किनाऱ्यावर हिरवी कासवे व प्रचंड आकाराची लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवून, वाटाड्या सांगेल तेवढ्याच अंतरावरून पाहावे. नदीच्या मुखाशी लाटा असतात, म्हणून एका रात्रीसाठी आपण दोघांनी जावे आणि आईंनी पारामारिबोत विश्रांती घ्यावी.

गयाना आणि फ्रेंच गयाना या वेळी नकोत. फ्रेंच गयाना फ्रान्सचाच भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे आपला शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. आल्बिनाहून समोरचा काठ दिसतो म्हणून ओलांडून जाण्याचा मोह टाळावा. गयानाला जायचे तर निकेरीपर्यंत चार तास रस्ता, मग कोरंटाइन नदीवरची फेरी, मग पुन्हा रस्ता, आणि 226 मीटर उंचीचा कैएतूर धबधबा पाहायला जॉर्जटाउनहून वेगळे विमान. त्यासाठी नदीवरचे दिवस कापावे लागतील. तो देश स्वतंत्र प्रवासाच्या योग्यतेचा आहे.

शाकाहाराची चिंता शहरात नाही, जंगलात आहे. पारामारिबोत रोटीची दुकाने जागोजागी आहेत आणि बटाटा, चवळीच्या लांब शेंगा व भोपळा यांच्या भाजीबरोबर रोटी सहज मिळते. उडदाच्या पिठात अळूसारखी पाने घालून तळलेला बारा आईंना ओळखीचा वाटेल. शहराच्या ब्लाऊग्रोंद भागातील जावानीज खाणावळींत मात्र सावध राहावे, कारण भाज्यांच्या नूडल्समध्येही कोळंबीचे वाटण किंवा चिकन सूपचे ठोकळे असू शकतात. नदीकाठच्या मुक्कामात तर भातातच खारवलेले मांस शिजवण्याची पद्धत आहे. आगाऊ कळवल्यास भात, घेवड्यासारखे तपकिरी दाणे, तळलेला कसावा आणि केळी वेगळी करून देतात. तरी लेखी कळवावे, अत्योनीला पोहोचल्यावर पुन्हा सांगावे आणि मुगाच्या खिचडीचे साहित्य, भाजलेले पोहे व मेतकूट बरोबर ठेवावे.

पैसे युरोमध्ये न्यावेत. सुरिनामी डॉलर तेथील अधिकृत विनिमय केंद्रांवर मिळतो, पण त्याचे मूल्य बरेच वर-खाली होते, म्हणून एकदम फार बदलू नयेत. अत्योनीपुढे कार्ड चालेल असे समजू नये. खर्चाचा मोठा वाटा अंतर्भागातील मुक्कामाचा असतो, कारण इंधनासह सगळे होडीने न्यावे लागते. दर विचारताना मोटार, होडी, जेवण आणि वाटाड्या हे सर्व धरले आहे का, ते वेगवेगळे विचारून लिहून घ्यावे. तेथे वीज 127 व्होल्टची आहे. फोनचे चार्जर चालतात, पण आई 230 व्होल्टवरच चालणारे एखादे वैद्यकीय उपकरण वापरत असतील तर त्याची सोय आधी करावी लागेल.

मलेरियाचा प्रादुर्भाव खूप घटला असून जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये सुरिनामला मलेरियामुक्त जाहीर केले. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम हवेच. विमा घेताना अंतर्भागातून विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि आईंचे आधीचे आजार या दोन्हींचा त्यात समावेश आहे, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचावे; नदीकाठच्या गावांत प्राथमिक दवाखाने आहेत, पण मोठे रुग्णालय पारामारिबोतच आहे. आईंच्या डॉक्टरांचे लसीबद्दलचे मत आणि त्यांची चालू औषधे कळवलीत, तर नदीवरची नेमकी कोणती जागा निवडावी आणि कोणत्या दिवशी निघावे, हे मी त्याप्रमाणे सांगू शकेन.